पत्र्याखालचा पांढरा डबा

“सागर, डबे खरंच त्या घरांमध्ये होते ना?”

मॅडमनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. “होते मॅडम. मी स्वतः लावलेत. दर रविवारी जाऊन बघतोय.”

“मग हे काय आहे?”

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. स्क्रीनवर सहा रंगांच्या सहा रेघा होत्या. रात्रभर त्या एकमेकींपासून सुट्या चालत होत्या. सकाळी नऊच्या सुमारास जवळ येत आणि मग एकीवर एक अशा बसत की एकच जाड रेघ दिसे. संध्याकाळी पाचनंतर परत सुट्या.

“सहा घरं,” मॅडम म्हणाल्या. “भिंती कुठे विटांच्या, कुठे पत्र्याच्या, कुठे नुसत्या ताडपत्रीच्या. आणि दुपारी सगळ्यांत सारखाच गारवा? वर हवेत ओलावा. हे कूलरच्या खोलीचं रीडिंग आहे. त्या सहा घरांत कूलर नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये आहे.”

वर्कशॉपमध्ये दिवसभर मी एकटा असतो. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती.

समोर निलेश बसला होता. आमचा इंजिनियर. तो आपल्या फोनकडे बघत होता आणि फोन बंद होता.

हे बोलणं गुरुवारी रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात चाललं होतं. सोमवारी डोनर येणार होते. डोनर म्हणजे असल्या कामाला पैसे देणारी संस्था. त्यांना हा आलेख दाखवायचा होता. तो पटला तर वस्तीतल्या सगळ्या घरांना आमचं पॅनेल बसणार होतं. आलेख खोटा निघाला तर ऑफिसची अब्रू जाणार होती. आणि तो खोटा माझ्यामुळे निघाला असता तर माझी नोकरी.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी गडहिंग्लजकडचा. शाळा आठवीत सोडली. वडिलांचं पाठीचं दुखणं आणि माझं गणित, दोन्ही एकाच वर्षी हाताबाहेर गेलं. गॅरेजमध्ये वेल्डिंग शिकलो. एका ठेकेदाराबरोबर नागपूरला पुलाच्या कामावर आलो. काम संपलं, ठेकेदारही गेला, मी राहिलो. इथे मला सगळे ‘पुण्याकडचे’ म्हणतात. गडहिंग्लजहून पुणं किती लांब आहे हे सांगायचं मी सोडून दिलं. देवयानी मॅडमनी मला हुडकेश्वरच्या एका शेडमध्ये ग्रिल जोडताना पाहिलं आणि कामावर घेतलं. सर्टिफिकेट मागितलं नाही. पहिल्या मीटिंगला मी दाराशी उभा होतो, तर म्हणाल्या, “खुर्ची कशासाठी आहे?” असल्या गोष्टी माणूस विसरत नाही. त्यामुळे त्यांनी ओरडण्यापेक्षा असं हळू आवाजात विचारणं मला जास्त लागलं.

आमचं ऑफिस गरिबांच्या घरासाठी वस्तू बनवतं. कमी खर्चाच्या, पण फेकून द्याव्याशा वाटणार नाहीत अशा. मॅडमचं म्हणणं असं की गरिबाच्या घरात जाणाऱ्या वस्तूला आपल्या घरातल्या वस्तूपेक्षा जास्त विचार लागतो, कारण ती चुकली तर त्याला दुसरी घेता येत नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही छताचं पॅनेल बनवत होतो. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला त्यांना पत्र्याचं घर म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांनी तव्याखाली बसल्याची कल्पना करावी. पॅनेल म्हणजे भाताच्या तुसाचा दाबलेला हलका तक्ता. लोखंडी चौकटीत बसवून तो पत्र्याच्या खाली टांगायचा. पत्रा आणि तक्ता यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी. तिला एअर गॅप म्हणतात. पत्रा तापला की तिथली हवा तापते आणि बाजूने निघून जाते. निदान कागदावर तरी जाते. चौकटी मी केल्या. फिटिंगही माझं.

पॅनेल चालतं की नाही हे कळायला लॉगर लावले होते. लॉगर म्हणजे काड्यापेटीपेक्षा जरा मोठा पांढरा डबा. घरात उष्णता किती, ओलावा किती, हे तो दिवसरात्र स्वतःच नोंदवत राहतो. चालू असल्याची खूण म्हणून त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो. आठवड्यातून एकदा जाऊन, केबल लावून रीडिंग उतरवून घ्यायचं. मॅडमनी नियम घातला होता की मी रविवारीच जायचं. आठवडाभर पुरुष कामावर असतात, घरात बायका एकट्या, तेव्हा बाहेरच्या माणसाने घरात शिरू नये. नियम चांगलाच होता. पुढची सगळी भानगड त्या नियमामुळेच माझ्या नजरेआड राहिली.

वस्ती हुडकेश्वरच्या पुढे, नाल्याच्या काठाला आहे. पहिल्या दिवसापासून तिथे आमच्याकडे कोणी सरळ बघितलं नाही. मी टेप काढली की बाया दारात येऊन उभ्या. तिथे टेप घेऊन येणारा माणूस एकतर जागेचा पट्टा द्यायला येतो, नाहीतर घर पाडायला. तिसरा कोणी त्यांनी पाहिलेला नाही.

“कायचं माप घेऊन राह्यले भाऊ?” प्रतिभाने विचारलं होतं. प्रतिभा म्हणजे आमच्या सहा घरांपैकी पहिल्या घरातली. वयाने माझ्याएवढीच असेल.

“छताचं. गार राहावं म्हणून.”

“फुकट?”

“फुकट.”

“मंग तं पक्कं काहीतरी हाय,” ती शेजारणीला म्हणाली.

डबे लावायला गेलो तेव्हा तर अजूनच. छताच्या मधोमध आकडा ठोकला, त्याला डबा अडकवला. हिरवा दिवा लुकलुकला. प्रतिभा खाली उभी राहून वर बघत होती.

“हा मीटरवाल्यायचा डबा होय का? कोनं तारेवर आकडा टाकला थे पाहाले?”

“नाही ओ. गरमी मोजतो हा.”

“गरमी मोजाले डबा कायले लागते? मले विचारा, मी सांगतो.”

“ऑफिसला कागदावर लागतं.”

“क्यामेरा नाई न याच्यात?”

“नाही.”

तिने मान हलवली. पटल्याची मान नव्हती ती. मला पुढची पाच घरं करायची होती, ऊन चढत होतं. निघताना मी प्रत्येक घरात एकच गोष्ट हात जोडून सांगितली. “हा डबा तेवढा सांभाळा. महागाचा आहे. हरवला तर माझी नोकरी जाईल.” लॉगर परदेशातून आले होते आणि वर्कशॉपमध्ये ते उतरवून घेताना निलेशने मला इतकं घाबरवलं होतं की ते वाक्य तोंडातून आपोआप निघायचं.

पहिलं रीडिंग आलं तेव्हा निलेश खुर्चीतून उठलाच. “भाऊ, आपलं पॅनेल तर एसीच्या वर गेलं!” त्याने समोसे मागवले. आलेख डोनरच्या प्रेझेंटेशनमध्ये टाकला. मीही खूश होतो. चौकटी माझ्या होत्या ना. घरी फोन करून आईला सांगितलं की आम्ही घरं गार केली. ती म्हणाली, “तू जेवतोस का वेळेवर?”

मॅडमनी समोसा घेतला नाही. त्या आलेख बघत राहिल्या.

“तुसाच्या तक्त्याने एवढा फरक पडत असता,” त्या म्हणाल्या, “तर ते आपल्या आधी शंभर लोकांनी केलं असतं.”

नंतर त्यांनी एकटीने बसून सगळं रीडिंग तपासलं आणि गुरुवारी मला बोलावलं.

“अजून एक,” त्या म्हणाल्या. त्यांनी बोट ठेवलं तिथे जाड रेघ नव्हती. सहाही रेघा दुपारी सुट्या होत्या आणि भलत्याच वर गेल्या होत्या. “हा रविवार. हाही रविवार. फक्त रविवारी घरं तापतात. रविवारी आपलं वर्कशॉप बंद असतं आणि तू वस्तीत असतोस.”

त्यांचा हिशेब कुठेच चुकत नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता. डबे रोज सकाळी कामावर आणायचे, कूलरसमोर ठेवायचे, संध्याकाळी परत नेऊन लावायचे. वर्कशॉप ते वस्ती सायकलने जाण्याएवढं अंतर. माझ्याकडे सायकल होती.

“मी कशाला करीन असं, मॅडम?”

“पॅनेल पास व्हावं म्हणून. प्रोजेक्ट चालू राहावा म्हणून. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. घाबरलेली माणसं असं करतात.”

घाबरलेला तर मी होतोच. आता तर तो पुरावाच झाला.

“उद्या दुपारी मी येते तुझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “कोणाला सांगायचं नाही. आणि तुझा फोन आत्ता इथे ठेवून जा.”

मी फोन टेबलावर ठेवला. निलेशने तो उचलून मॅडमच्या ड्रॉवरमध्ये टाकला, माझ्याकडे न बघता. खोलीवर गेलो. आईला फोन करायचा वार होता, तो राहिला. पेटीत काय काय भरायचं याचा विचार करून झाला. कोल्हापूरची गाडी किती वाजता सुटते, तेही आठवून झालं. मग मलाच शंका यायला लागली. डबे मी लावलेत हे खरं. पण रविवार सोडून ते कुठे असतात हे मला तरी कुठे माहीत होतं? कोणी विकले असतील, भाड्याने दिले असतील. की निलेशनेच काही केलं? समोसे त्यानेच मागवले होते. अशा वेळी कोणावरही संशय घेता येतो, आणि घेतला की जरा बरं वाटतं, म्हणून घेतच राहतो माणूस.

शुक्रवारी दुपारी आम्ही वस्तीत उतरलो. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. नाल्याचा वास वाळून गेला होता. मॅडमनी ओढणी डोक्याला गुंडाळली होती, फोन त्यांच्या पर्समध्ये होता. माझाही.

प्रतिभाच्या दाराला बाहेरून कडी होती, कुलूप नव्हतं. मॅडमनी दाराच्या फटीतून आत बघितलं. मग मला म्हणाल्या, “बघ.”

छताचा तक्ता जागेवर. आकडा जागेवर. आकड्याला काही नाही.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हातारा खाटेवर झोपला होता, तिथेही नुसता आकडा. मी म्हणालो, “मॅडम, शपथ. मला माहीत नाही.” त्यांनी हातानेच थांबवलं.

चौथ्या घरापाशी आवाज आला. कूलरचा. आणि बायकांच्या हसण्याचा. आवाज समोरच्या घरातून येत होता. ते शेवंताकाकूंचं घर. आमच्या सहा घरांत ते नव्हतं, कारण त्यांच्याकडे मुलाने घेतलेला कूलर होता आणि कूलरवाली घरं आम्ही घेतली नव्हती. शेवंताकाकू साठीच्या, तोंडाने फटकळ. वस्तीत त्यांच्या पुढे कोणी बोलत नसे.

आम्ही दारात उभे राहिलो आणि हसणं बंद झालं. आत आठ-दहा बाया होत्या. कोणी लसूण सोलत होती, कोणी पोराला थोपटत होती. कूलरची हवा सगळ्यांच्या पदरांवरून येऊन दारापर्यंत पोचत होती.

“कोन पायजे?” शेवंताकाकू म्हणाल्या.

“आम्ही पॅनेलवाले, काकू,” मी म्हणालो. “ते डबे...”

“कोनते डबे? आमच्याकडं काही डबेगिबे नाई.”

कूलरच्या समोर लोखंडी आलमारी होती. आलमारीवर एका ओळीत सहा पांढरे डबे बसले होते. सहाही हिरवे दिवे लुकलुकत होते.

“काकू,” प्रतिभा हळूच म्हणाली, “दिसून राह्यले नं थे.”

“दिसू दे! मी काय चोरले?” काकू उठून उभ्या राहिल्या. “कोनाचा एक डबा कमी झाला असन तं बोला! रोज मोजून घेतो आन् मोजून देतो मी!”

मॅडमनी आलमारीकडे बघितलं. मग कूलरकडे. मग माझ्याकडे. “तुला हे माहीत होतं?”

उत्तर काकूंनीच दिलं. “त्याले कायचं माहीत राहीन? थो तं बिचारा रविवारी येते. म्याडम, तुमी बसा. भाऊ, तुमी जरा बाहेर व्हा गा.”

मी बाहेर झालो. पत्र्याच्या भिंतीला टेकायची सोय नव्हती, चटका बसत होता. पण पत्र्याच्या घराचं एक आहे, आतलं बोलणं बाहेर सगळं ऐकू येतं. शेवंताकाकूंचं तर नाल्यापलीकडेही गेलं असेल.

“म्याडम, तुमी आंघोळ कुठी करता?”

“बाथरूममध्ये.”

“आन् बाथरूमात डोक्यावर हिरवा दिवा लुकलुक करत असन तं?”

आत कोणीतरी फस्सकन हसली आणि गप्प झाली.

“आमाले एकच खोली,” आता प्रतिभा बोलत होती. “त्यातच चूल, कोपऱ्यात मोरी. मानसं कामाले गेले का दार लावाचं आन् पानी घ्याचं. दुसरा आडोसा नाई. सागरभाऊनं डबा लावला बरोब्बर मधात. वर पाहावं तं थो आपल्याकडंच पाहून राह्यला.”

“त्यात कॅमेरा नाही, ताई. तो फक्त उष्णता मोजतो.”

“भाऊबी तसंच बोलले. पन ज्याच्यात क्यामेरा असन, थोबी नाईच म्हनन नं?”



“मी फडकं टाकलं होतं पहिल्या दिवशी,” दुसरी एक म्हणाली. “फडक्यातूनबी दिवा दिसे.”

“मग काढून उशीखाली ठेवायचा,” मॅडम म्हणाल्या.

“आन् कोनं नेला तं?” काकूंचा आवाज चढला. “आमचे दारं तुमी पाह्यले का? कुत्र्यानं ढकललं तं उघडते. थो पोट्टा हात जोडून सांगून गेला, का डबा गेला तं माही नोकरी गेली. परक्या गावचा, मायबाप तिकडं कुठी तरी. मी म्हटलं, आना वं सगळ्या माह्याकडं. माहं घर दिवसभर उघडं, दुपारी साऱ्या इथीच बसतात. आलमारीवर ठेवाचे, संध्याकाळी मानसं याच्या आंधी जागेवर लावाचे. येवढं केलं आमी, आन् तुमी चोरावानी पाहून राह्यल्या!”

“आणि रविवारी?”

“रविवारी माहा पोरगा घरी राह्यते. कूलरपुढं आडवा होते. मंग बाया कायले येतीन? बाकी घरीबी मानसं राह्यते, तं आंघोळा पहाटीच उरकून घेतो, आंधारात. दोन लोटे वतले का झालं. डबा तसाच लटकून राह्यते.”

मॅडम म्हणाल्या, “हे मला कोणी सांगितलं का नाही?”

“तुमी कवा आल्या?” काकूंनी विचारलं. “पॅनल लावलं त्या दिवशी आल्या, फोटू काढला, गेल्या.”

मी पत्र्यापासून जरा लांब गेलो. उन्हात गेलो खरं म्हणजे. माझी नोकरी राहावी म्हणून ज्या बायकांनी रोज सहा डबे मोजून घेतले आणि मोजून दिले, त्यांच्यावर मी आदल्या रात्री डबे विकल्याचा संशय घेतला होता. आणि त्यांनी नोकरी वाचवायला जे केलं त्यानेच ती जायची वेळ आली होती. हसावं की काय ते कळेना. प्रतिभाने दारातून पाण्याचा गडवा दिला आणि म्हणाली, “प्या. काही झालं नाई तुमच्या नोकरीले. मी पाह्यलं म्याडमच्या तोंडाकडं.”

परत येताना गाडीत मॅडमनी पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला.

“कॅमेऱ्याचं त्यांनी तुला विचारलं होतं?”

“हो.”

“मला सांगितलं नाहीस.”

“मला वाटलं, गंमत करतायत.”

“हं,” त्या म्हणाल्या. “मोरी मीही पाहिली होती. नकाशात मीच काढली होती, बाण करून. त्याच्या वर काय टांगतोय ते माझ्या डोक्यात आलं नाही.” मग म्हणाल्या, “तुझ्यावर संशय घेतला. रीडिंगच तसं होतं.”

एवढंच. मला राग आला नव्हता असं लिहिलं तर खोटं होईल. फोन काढून घेतला होता तो राग बरेच दिवस राहिला. पण नंतर विचार केला की संशय आला म्हणून त्या स्वतः उन्हात आल्या. दुसरा कोणी असता तर मला गुरुवारीच हिशेब देऊन मोकळा झाला असता. किंवा त्याहून सोपं, आलेख तसाच डोनरला दाखवून मोकळा झाला असता. त्यांनी माझ्यावर संशय घेतला, तसाच स्वतःच्या पॅनेलवरही घेतला होता. हे मला पटायला वेळ लागला, पण पटलं.

निलेशला मात्र पटत नव्हतं. “मॅडम, रात्रीचं रीडिंग तर खरं आहे ना? तेवढं दाखवू. बाकीचं सांगायची काय गरज?”

“रात्री ते लोक बाहेर झोपतात, निलेश,” मॅडम म्हणाल्या. “रिकामं घर किती गार होतं ते दाखवायचं का?”

सोमवारी डोनर आले. दोघं होते, एक बाई आणि एक गृहस्थ. मॅडमनी तोच आलेख लावला आणि म्हणाल्या, “हे शेवंताबाईंच्या कूलरचं रीडिंग आहे. आमच्या पॅनेलचं रीडिंग अजून आमच्याकडे नाही.” आणि सगळं सांगितलं. मोरीचं सांगताना त्यांनी आवाज बारीक केला नाही. गृहस्थांनी चष्मा पुसला. बाईंनी विचारलं, “लाईट बंद करता येत नाही का त्या यंत्राचा?”

निलेशने तिथल्या तिथे सॉफ्टवेअर उघडलं. बंद करता येत होता. एक टिक काढायची होती. ती काढायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं.

त्या वर्षी पैसे मिळाले नाहीत. “खरं रीडिंग घेऊन पुढच्या उन्हाळ्यात या,” ते म्हणाले. मे संपायला आला होता. मॅडमनी माझा पगार चालू ठेवला. त्यासाठी कुठला खर्च कापला ते मी विचारलं नाही, पण ऑफिसातला चहा बदललेला कळत होता.

पुढच्या वर्षी मार्चमध्येच आम्ही वस्तीत गेलो. दिवा बंद केलेले डबे नेले. मी अंगणात सगळ्यांसमोर एक डबा स्क्रू काढून उघडला. आतली बॅटरी दाखवली, चिप दाखवली. प्रतिभाने वाकून बघितलं आणि म्हणाली, “मोबाईलचा क्यामेरा तं याहून बारीक राह्यते. आन् आता दिवाबी नाई. म्हंजे लपूनच पाहीन.”

तिचं काही चूक नव्हतं. मी स्क्रू परत लावले.

शेवटी मॅडमनी तिलाच विचारलं की आता तू सांग, काय करायचं. ती म्हणाली, आंघोळी आटपल्या का मी साही घरी जाऊन डबे लावतो, दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या आंधी काढून घेतो. सकाळचं थोडं रीडिंग जाणार होतं. त्या वेळी उकाडा नसतोच, त्यामुळे गेलं तरी चालणार होतं. प्रतिभाला त्या कामाचा पगार ठरला. शेवंताकाकू म्हणाल्या, “पाह्यलं का, चांगल्या कामाचे पैसे तिले, आन् वर्षभर आंधी फुकट राखन केली थे मी!” त्यांना निलेशने समोसे आणून दिले. त्यांनी ते आधी उघडून आत काय आहे बघितलं, मग खाल्ले.

खरं रीडिंग आलं. रेघा दिवसभर सुट्या होत्या. या वेळी तुलनेसाठी शेजारच्या काही बिनपॅनेलच्या घरांतही डबे लावले होते. पॅनेलची घरं त्यांच्यापेक्षा दुपारी गार होती, पण थोडीच. एसीचं सोडा, साध्या पंख्याशीही तुलना नको. मॅडमनी तेवढंच लिहिलं. आम्ही मागितली होती त्यापेक्षा कमी घरं डोनरनी मंजूर केली. ती मी पूर्ण केली आणि ती चांगली झाली आहेत.

मध्ये एक जास्तीचं काम झालं. ते कुठल्याच प्रस्तावात नव्हतं. मोरीला आडोसा पाहिजे, एवढं तर आता ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं. तुसाचा तक्ता पाण्याने फुगतो. म्हणून मी बारीक पाइपची घडीची चौकट केली आणि तिला जुना फ्लेक्स ताणून बसवला. निवडणूक नुकतीच झाली होती, त्यामुळे फ्लेक्स हवा तेवढा मिळत होता. पहिला आडोसा प्रतिभाच्या घरी लावला तेव्हा ती आत जाऊन लगेच बाहेर आली.

“हा पुढारी आतून पाहून राह्यला नं भाऊ. याचं तोंड बाहेरून करा.”

तेव्हापासून छापील बाजू बाहेर, पांढरी बाजू आत. आता आजूबाजूच्या वस्त्यांमधून मागणी येते ती आडोशाची. पॅनेल अजूनपर्यंत कोणी आपणहून मागितलेलं नाही. ऑफिसच्या माहितीपत्रकावर मात्र पॅनेलचाच फोटो आहे.

नवीन वस्तीत काम काढलं की आता टेप आणि डबे गाडीतच राहतात. आधी प्रतिभा जाते. चूल कुठे, झोपता कुठे, आंघोळ कुठे आणि कधी, हे ती बायकांजवळ बसून विचारते. परत येऊन मला सांगते ते एवढंच, की आकडा कुठे ठोकायचा आणि घरात कधी यायचं. बाकी काही सांगत नाही आणि मी विचारत नाही. ती आत असते तोवर मी गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. तिथे येणारेजाणारे मला विचारतात, कायचं माप घ्याले आले भाऊ? मी म्हणतो, अजून ठरलं नाही.